परड्यात मेलेलं माकड: खड्डा खणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मुंबईत नोकरीला, आईवडील सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, गावी. काल सकाळी परड्याच्या, म्हणजे घरामागच्या वाडीच्या टोकाला, काजूच्या झाडाखाली एक माकड मरून पडलेलं दिसलं. अंगावर जखम नाही. घरचा कुत्रा हुंगून आलाय. वडील म्हणतात, खड्डा काढून पुरून टाकू. आई म्हणते, मारुतीचं रूप आहे, नारळ-हळदकुंकू वाहून नीट माती देऊ. शेजारचे काका सांगतात, वनखात्याला कळवू नका, नसतं लचांड मागे लागेल. शिवाय काजूचा हंगाम तोंडावर आलाय, तेव्हा त्या झाडांखाली बिया वेचायच्या की नाहीत, हेही विचारलंय.

मी पशुवैद्यक. सरकारी नोकरीची बरीच वर्षं दक्षिण कोकणात गेली. वनखात्याचा फोन आला की मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करायला जाणं हा त्या नोकरीचाच भाग होता. त्यामुळे वानर, माकड, गवा, बिबट्या, मोर, खवले मांजर असं पुष्कळ काही टेबलावर, आणि जास्त वेळा झाडाखालीच, पाहिलंय. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी एक काम करा. पुढचं वाचण्याआधी घरी फोन लावा आणि सांगा की त्या माकडाला कुणीही हात लावू नये, जवळही जाऊ नये, कुत्र्याला बांधून ठेवावं. हे झालं की सावकाश वाचा.

तुम्ही विचारलंय ते "विल्हेवाट कशी लावायची" असं. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. दोडामार्गात, हिवाळा संपता संपता, काजूच्या बागेत, जखम नसलेलं माकड मरतं, तेव्हा ते कशाने मेलं हे कळेपर्यंत माकडताप धरूनच चालायचं असतं. आणि माकडतापात धोका त्या मेलेल्या देहात जेवढा असतो, त्याहून जास्त त्याच्या आजूबाजूच्या जमिनीत असतो. देह पुरला म्हणजे धोका पुरला, असं होत नाही. म्हणून पुरण्याची घाई कामाची नाही.

हे जरा उलगडून सांगतो. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, डॉक्टर लोक केएफडी म्हणतात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडं पटापट मरू लागली आणि त्याच भागातली माणसं तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, त्यातून एक नवा विषाणू वेगळा काढला. पुढे कित्येक वर्षं हा आजार शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरता राहिला. २०१२ पासून तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड असा सरकत गेला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आला, २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केर गावात, आणि त्यानंतर बांदा परिसरात. तुमचं घर त्याच पट्ट्यात आहे. हेच माकड उद्या पुण्यात कोथरूडच्या सोसायटीत किंवा नागपुरात सापडलं असतं, तर माझ्या उत्तराचा सूर बराच वेगळा असता.

हा विषाणू राहतो गोचिडीत. आपल्या गाईम्हशींच्या कासेला दिसते ती टपोरी गोचीड सोडा, ती सगळ्यांच्या ओळखीची. इथे सांगतोय ती जंगलातली गोचीड, आणि तिचीही मधल्या वयातली अवस्था. आकार तिळाएवढा, रंग तपकिरी, पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या पाचोळ्यात बसली तर दिसणार नाही. पावसाळा सरला की अंड्यांतून निघालेली पिल्लं पातेऱ्यात पसरतात, आणि साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत ही मधली अवस्था जोरात असते. माणसाला चावते ती मुख्यतः हीच. म्हणजे काजूचा मोहोर, फळधारणा आणि बिया वेचण्याचा काळ जो, तोच हिचा काळ. पुढे मोठी झाल्यावर ती गुराढोरांवर जगते. गुरं आजारी पडत नाहीत, पण गोचीड पोसतात आणि घरापर्यंत आणतात.

माकड आणि वानर या विषाणूने मरतात. जिवंत असताना त्यांच्या कानामागे, पापण्यांवर, जांघेत या गोचिडी चिकटलेल्या असतात. ताज्या मेलेल्या वानराच्या कानाच्या मुळाशी केस बाजूला केले तर बारीक ठिपके ओळीने बसलेले दिसतात. प्रथमदर्शनी मळच वाटतो, पण नीट पाहिलं तर ठिपक्यांना पाय असतात. देह गार पडायला लागला की हे ठिपके सुटायला लागतात, कारण गार अंगावर त्यांना काही मिळत नाही. त्या खाली उतरतात आणि आजूबाजूच्या पाचोळ्यात शिरून पुढच्या जनावराची वाट बघतात. आरोग्य खात्याची माणसं पाहणीला येतात तेव्हा पांढरं फ्लॅनेलचं फडकं काठीला बांधून जमिनीवरून सावकाश ओढत नेतात. फडकं उलटं केलं की त्यावर चिकटलेल्या गोचिडी मोजता येतात, तपासणीला पाठवता येतात. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या बागेतलं ते फडकं एकदा पाहिलं की माणूस पुन्हा पातेऱ्यावर मांडी घालून बसत नाही.

तुमचं माकड काल सकाळी दिसलं, मेलं कदाचित परवा रात्री. म्हणजे आज त्या गोचिडी बहुतेक खाली उतरलेल्या असणार. आता वडील फावडं घेऊन तिथे तासभर खड्डा काढत उभे राहिले, तर ते नेमके त्यांच्यातच उभे असतील. तुमच्याकडच्या जांभ्यात हातभर खड्डा काढायला किती वेळ लागतो हे मी सांगायला नको.

आता काय करायचं ते.

वनखात्याला कळवा. १९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक, राज्यातून कुठूनही लागतो. त्याहून लवकर काम होतं ते तुमच्या भागातल्या वनरक्षकाला थेट फोन केला तर. त्याचा नंबर सरपंचांकडे, पोलीस पाटलांकडे हमखास असतो. त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा गावच्या आशाताईंना सांगा. माकड मेल्याची खबर वनखात्याकडून आरोग्य खात्याकडे जायला हवी आणि बहुतेक वेळा जातेही, पण दोन खात्यांमधल्या निरोपावर विसंबून राहायचं कारण नाही. दोन फोन करा. सांगताना एवढं सांगा: काळ्या तोंडाचं वानर की लाल तोंडाचं माकड, कधी दिसलं, जागा नेमकी कुठे, जखम किंवा रक्त दिसतं का, वरून विजेची तार जाते का, गेल्या आठ-पंधरा दिवसांत आसपास आणखी कुठे माकड मेल्याचं कानावर आलं का. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एक माकड अनेक कारणांनी मरतं. आठवड्यात दोन-तीन मेली तर खातं धावत येतं, आणि यायलाच हवं.

लांबून मोबाईलवर झूम करून फोटो काढून ठेवा. देहाचा एक आणि जागेचा एक, ज्यात आजूबाजूची झाडं दिसतील असा.

माणसं येईपर्यंत परड्याचा तो कोपरा बंद करायचा. देहापासून भरपूर अंतर सोडून दोरी बांधा, गडग्याला वाट असेल तर काटेरी फांदी आडवी टाका. गुरं त्या बाजूला सोडू नका, पोरं जाऊ देऊ नका. देहावर पाचोळा, पोतं, डालगं असलं काही झाकायला जाऊ नका. रॉकेल ओतून पेटवायचा सल्ला कुणीतरी हमखास देईल. तो फेब्रुवारी-मार्चच्या काजूच्या बागेत कुणी मनावर घेऊ नये. एका माकडापायी वाडीचे सगळे काजू जातील.

वनरक्षक किती वेळात येईल? खरं सांगायचं तर ठिकाणावर अवलंबून आहे. एकेकाकडे अनेक गावं असतात, हत्ती किंवा गवा कुठे उतरला असेल तर सगळे तिकडे असतात. कधी तासाभरात येतात, कधी संध्याकाळ होते. उशीर झाला तर पुन्हा फोन करा, वरच्या वनपालांना करा, वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात करा. मात्र फोन लवकर करण्याला आणखी एक कारण आहे. शवविच्छेदन करून मेंदू, यकृत वगैरेचे नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे असतात, आणि आपल्याकडच्या उकाड्यात दिवसभरात देह सडायला लागतो. सडलेल्या नमुन्यातून फारसं काही हाती लागत नाही. तुमच्या बाबतीत कदाचित ती वेळ टळून गेली असेल. तरीही कळवाच. नमुना मिळाला नाही तरी त्या जागेच्या गोचिडी तपासता येतात आणि भोवताली मॅलेथिऑनसारखी पावडर धुरळता येते, जे तुमच्या घरासाठी अहवालापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आता शेजारच्या काकांचं लचांड. त्यांची भीती मला कळते, गावोगाव हेच ऐकलंय. पण कायदा नेमका उलट बाजूला उभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे मेलेला संरक्षित वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता, मग तो तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत का पडलेला असेना. तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. तेव्हा ज्याने कळवलं त्याच्या मागे काही लागत नाही. लागतं ते गुपचूप पुरणाऱ्याच्या मागे. चार महिन्यांनी भांडण झालं आणि कुणी तक्रार केली की "यांनी माकड मारून पुरलं", मग खड्डा उकरून सांगाड्यावरून मरणाचं कारण शोधायची पाळी माझ्यासारख्यावर येते, आणि हाडांकडे बघून तुमच्या वडिलांच्या बाजूने बोलता येईल असं फारसं काही सापडत नाही. ताज्या देहावर ते सापडतं. पंचनामा होईल, तुमच्या वडिलांचा जबाब घेतील, दोन पंचांच्या सह्या होतील. सही करण्याआधी वाचून घ्या, वेळ आणि जागा बरोबर लिहिली आहे का बघा. एवढंच ते लचांड.

पंचनाम्यात माणसं काय शोधतात, तेही सांगतो. पहिली शंका विजेच्या धक्क्याची, कारण माकडांचं ते अगदी नेहमीचं मरण. तळहातावर किंवा तळपायावर कडा उठलेला करपट डाग, आजूबाजूचे केस जळून कुरळे झालेले, आणि वर तार. डाग कधीकधी अगदी लहान असतो, पंजाची मूठ सोडवून बघावी लागते. दुसरी शंका विषाची. तोंडाला फेस, जवळपास ओकारी, आणि माकडाबरोबर एखादा कावळा किंवा मांजरही मेलेलं. बागायतीत उपद्रवाला कंटाळून कुणी केळ्यात काहीतरी घालून ठेवतो, असं होतं. तसं असेल तर मामला गुन्ह्याचा, आणि तिथे पडलेलं एकेक फळ पुरावा असतं. उंदीर मारायच्या झिंक फॉस्फाईडने मेलेल्या जनावराच्या पोटातून विषारी वायू निघतो, तेव्हा "वास कसला येतो बघू" म्हणून नाक खाली नेणं हा शहाणपणा नव्हे. तिसरी शंका कुत्र्यांनी किंवा बिबट्याने धरल्याची, ती जखमांवरून कळते. यातलं काहीच दिसलं नाही, आणि हंगाम व तालुका असा असला, की माकडताप.

आईंच्या मुद्द्याकडे येतो, कारण घरात शेवटी त्यांचंच चालणार. वानर मेलं की गावाने वर्गणी काढायची, फुलांनी सजवून भजन म्हणत मिरवणूक काढायची, मारुतीच्या देवळापाशी माती द्यायची, काही ठिकाणी तेरावंही घालायचं, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. मी त्याची चेष्टा कधी केली नाही आणि करणाऱ्यांचा मला राग येतो. जनावराविषयी एवढी माया असलेला गाव त्याला विष घालत नाही. पण या पट्ट्यात, या दिवसांत, देहाला हात लावणं, कुंकू लावायला खाली वाकणं, खांद्यावर घेणं, त्याच्याभोवती माणसांचा गराडा घालून पाचोळ्यात बसणं, हे होता कामा नये. जिथे जिथे असा पेच आला तिथे मी बायामाणसांना सांगत असे: नारळ, फुलं सगळं घ्या आणि मारुतीच्या देवळात जाऊन वाहा, इथे लांबूनच हात जोडा. वनखात्याची माणसंही गावातलीच असतात, ती माती देताना किंवा अग्नी देताना मान ठेवतात. बहुतेक आयांना हे पटतं. तुमच्या आईंनाही तुम्ही मुंबईहून "काही होत नाही, अंधश्रद्धा आहे" असं म्हणण्यापेक्षा हे सांगितलेलं जास्त पटेल.

कधीकधी कार्यालयातून "आज कुणी येऊ शकत नाही, तुम्हीच पुरा" असं सांगितलं जातं. असं कुणी सांगितलं तर त्याचं नाव, हुद्दा, वेळ लिहून घ्या आणि "आपण सांगितल्याप्रमाणे पुरत आहोत" असा फोटोसह संदेश त्याच नंबरवर पाठवा. मग एकाच धडधाकट माणसाने करावं, वडिलांचं वय साठीच्या पुढे असेल तर त्यांनी नाही. अंगात फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पॅन्टचे पाय मोज्यात खोचलेले, गमबूट, रबरी हातमोजे, आणि उघड्या त्वचेला आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल. फिकट रंग अशासाठी की चढलेली गोचीड दिसावी. खड्डा देहापाशी काढायचा नाही. पातेरा नसलेल्या मोकळ्या, उघड्या मातीच्या जागी काढायचा, विहिरीपासून आणि पाण्याच्या वाटेपासून लांब, शक्यतो विहिरीपेक्षा सखल बाजूला. निदान छातीएवढा खोल, नाहीतर कोल्हे-कुत्रे रात्रीत उकरतात. देह हाताने न उचलता लांब दांड्याच्या फावड्याने जाड पिशवीत सरकवायचा, फरपटत न्यायचा नाही. माती लोटण्याआधी चुना टाकायचा. काम झालं की फावडं, बूट ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचे, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे पावडर पुरे. कपडे बाहेरच उतरवून उकळत्या पाण्यात टाकायचे, आणि अंघोळ करताना कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली नीट चाचपायचं. हे सगळं वाचून "खात्याचीच वाट बघू" असं वाटलं असेल तर बरोबर वाटलंय.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: हात लावू नका, कोपरा बंद करा, वनखातं आणि आरोग्य केंद्र दोघांना आजच कळवा, पुरण्याचं त्यांच्यावर सोडा. यानंतरचा भाग लोक विसरतात, आणि माझ्या लेखी तोच जास्त जपण्याचा आहे. तो म्हणजे पुढचे दोन-तीन आठवडे.

कुत्रा हुंगून आलाय म्हणता. त्याला माकडताप होण्याची चिंता मी करत नाही, पण तो गोचिडी घरात आणू शकतो, आणि तुमच्याकडे कुत्रा रात्री ओटीवर माणसांच्या पायाशीच झोपत असणार. त्याला काही दिवस घराबाहेर बांधा, हातमोजे घालून कान, मान, पंजांच्या बेचक्या तपासा, आणि पशुवैद्यकाला विचारून गोचीडनाशक लावा. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन केला तरी मार्गदर्शन मिळतं. गोठ्यातल्या गुरांनाही याच वेळी गोचीडनाशक लावून घेतलेलं चांगलं. त्या कोपऱ्यातला पातेरा गोठ्यात अंथरायला किंवा भाजावळीसाठी यंदा आणायचा नाही.

अंगाला चिकटलेली गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, चिरडायची नाही, विडीचा चटका किंवा रॉकेल लावायचं नाही. जागा साबणाने धुवायची आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची.

खूण कशासाठी? गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येऊ शकतो. येतो तो एकदम, सडकून, कपाळ फुटल्यासारखं दुखतं, कंबर-पाय मोडून येतात, उलट्या होतात. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. काही रोग्यांत ताप उतरून बरं वाटतं आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा चढतो, तेव्हा मेंदूवर परिणाम दिसू शकतो. बहुतेक माणसं बरी होतात, शंभरात तीन ते पाच दगावतात. त्यावर खास औषध नाही, आधार देणारे उपचार असतात, म्हणून लवकर पोचणं हेच औषध. अडचण अशी की कोकणात याच चेहऱ्याचे डेंग्यू आहेत, लेप्टोस्पायरोसिस आहे, टायफॉईड आहे. डॉक्टरांना मनात माकडताप येईलच असं नाही. तेव्हा तुमच्या घरातल्या कुणालाही ताप आला, तर दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच हवं: "आमच्या परड्यात अमुक तारखेला माकड मेलं होतं." पॅरासिटामॉलच्या पलीकडची अंगदुखीची गोळी दुकानातून मनाने आणून घेऊ नका, रक्तस्रावाची शक्यता असलेल्या आजारात ती नडू शकते. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वाळीत टाकायचं कारण नाही. मी जनावरांचा डॉक्टर, यापुढचं माणसांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

काहींनी असंही विचारलंय की माकड नसून दुसरं काही असतं तर? कळवायचं आणि हात लावायचा नाही, हे सगळीकडे तेच. बाकी थोडक्यात. मुंगूस किंवा कोल्हा असेल आणि मरायच्या आधी तो भरकटत, लाळ गाळत फिरताना कुणी पाहिला असेल तर रेबीज मनात धरा, कुणाला चावा-ओरखडा असेल तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करा. कावळे एकामागून एक पडायला लागले तर बर्ड फ्लू. २०२५ च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यातल्या उदगिरात कावळेच आधी मेले होते. गवा किंवा रानडुक्कर असेल, नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं असेल, तर काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. असं जनावर कुणी कापायचं नाही, मांस वाटायचं तर नाहीच, एकदा फाडलं की त्या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मेलेला साप काठीने उचला, मुंडकं तुटलेलं असलं तरी बराच वेळ चावू शकतं. आणि खवले मांजर, साळिंदर, मोर यांच्या बाबतीत एक खवला, एक काटासुद्धा "आठवण म्हणून" घरात ठेवू नका. तिथे मात्र काकांचं लचांड खरोखर मागे लागतं. घरातली घूस किंवा उंदीर मेला तर यातलं काही लागत नाही, हातमोजे घालून पुरा आणि जागेवर ब्लीचिंगचं पाणी टाका.

राहिला काजू. यंदाच्या बिया सोडून द्या असं मी सांगणार नाही, घर त्यावर चालतं हे मला माहीत आहे, आणि माकडतापाच्या गावांतही लोक बिया वेचतातच. माकड पडलं होतं त्या झाडाखालचा आणि लगतच्या झाडांखालचा भाग पावडर धुरळेपर्यंत सोडा. धुरळणी झाली तरी त्या झाडांच्या बिया शेवटी वेचा. बाकीच्या बागेत वेचताना वर सांगितलेला पोशाख आणि तेल, पातेऱ्यावर बसायचं नाही, जेवायची शिदोरी बागेत न सोडता खळ्यात येऊन सोडायची, काढलेले जादा कपडे पाचोळ्यावर न टाकता फांदीला टांगायचे, आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी अंग चाचपायचं. वेचायला बाहेरच्या बायका रोजावर येत असतील तर माकड मेल्याचं त्यांना कामाला येण्याआधी सांगा. तेल आणि हातमोजे ज्याची बाग त्याने द्यायचे, आणि त्यांच्यापैकी कुणी तापाने घरी राहिली तर तिचा रोज न कापता तिला आधी आरोग्य केंद्रात पोचवायचं.